अक्काला काय झालं, ते मी सांगणार

अक्का, आधी भांडून घेते, रडायचं मग बघू. आपल्या दोघींचा हाच क्रम लहानपणापासून आहे आणि तू गेलीस म्हणून मी तो मोडणार नाही.

तुझ्या तेराव्याला दारात चपलांचा खच पडला होता. येणाऱ्या प्रत्येकाला आत्या एकच सांगत होती, "हार्ट. झोपेतच गेली. पुण्यवान पोरगी." मी आत केळीची पानं पुसत होते आणि हे ऐकून माझा जीव चडफडत होता. तू झोपेत गेली नाहीस. तोंडात नळी, हातांना सुया, आणि एकामागून एक येणाऱ्या आकड्या, असं झुंजत झुंजत तू हॉस्पिटलात गेलीस. तुझं हृदय तर बिचारं शेवटपर्यंत इमानानं चालत होतं, डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. मग त्याच्यावर हा आळ कशाला?

कशाला ते तुला ठाऊक आहे. 'हार्ट' हा घरंदाज शब्द आहे. हार्टनं गेलेल्या बाईच्या मुलीला स्थळं येतात. आकडीला तमिळमध्ये वलिप्पु म्हणतात, आणि हा शब्द तंजावरच्या आपल्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणी उच्चारला की बायका आधी दार लोटून घेतात. अंजूला त्रिचीचं स्थळ आलं होतं, बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, मुलाची आई तेराव्याला येणार होती. म्हणून तुझ्या मरणालाही चांगलं लुगडं नेसवून बाहेर आणायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. घरात मी कपडे शिवणारी, पण हे लुगडं माझ्या हातचं नाही, हे मला तुझ्या कानावर घालायचंच होतं.

तूही त्यांच्याच बाजूची होतीस, हेच माझं तुझ्याशी भांडण. अंजू पाळण्यातून नुकती खाली उतरलेली, तेव्हाची गोष्ट. तिला सर्दी झाली, खोकला झाला, अंग चटका बसेल असं तापलं आणि माझ्या मांडीवर ती एकदम ताठ झाली, डोळे वर गेले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात अशी आकडी येते, बहुतेकांना पुढे काही होत नाही, घाबरू नका. तू घाबरली नाहीस. घरी येऊन तू अगदी शांतपणे शेजारणींना सांगितलंस, मूल पायरीवरून घसरलं म्हणून नेलं होतं. मी बघतच राहिले. ओरत्तनाडूच्या शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवणारी तू, फळ्यावर विषाणूचं काटेरी चित्र काढणारी तू, आणि घरी ही पायरी!

तेव्हापासून हे भांडण आपण किती वेळा भांडलो असू. मी शिवणाच्या मशीनवर, तू बाजूला पेपर तपासत. भरतनाट्यमच्या पोशाखाच्या पुढच्या पंख्याच्या चुण्या मी घालत असले की तुझी लाल शाई थांबायची आणि तू म्हणायचीस, "डावीकडची एक चूण जाड पडली." मी म्हणायची, "तू पायरीचं खोटं बोललीस ते आधी निस्तर, मग माझ्या चुण्या मोज." तू हसायचीस. एकदा मात्र हसली नाहीस. म्हणालीस, "फळा पुसता येतो, गोदे. गल्लीचं तोंड कोण पुसणार?" मी मशीन जोरात चालवलं. माझ्याकडे तेव्हा फक्त राग होता आणि रागाला उत्तर म्हणत नाहीत, हे मला कळत होतं.

पण एक सांगते, आणि हे सांगताना भांडण बाजूला ठेवते. माझ्या लग्नाचं घाटत होतं तेव्हा याच गल्लीच्या तोंडासमोर तू उभी राहिली होतीस. मला लग्न नको होतं, मला सुई-दोरा हवा होता, आणि आत्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. तू शाळेतून आलीस, पिशवी ठेवली, पाणीही प्यायली नाहीस आणि म्हणालीस, "गोदाला शिवायचंय. शिवू दे. तिचं जेवण मी घालीन." पुढे मला तुझ्या जेवणाची गरज पडली नाही, पण ते वाक्य मी रोज जेवले. माझ्यासाठी एवढी वाघीण होणारी बाई पोटच्या पोरीसाठी मांजर का झाली, हे कोडं तू गेलीस तरी मला सुटलेलं नाही. कदाचित पोटचंच असलं की असं होत असेल. मला पोटचं नाही, मला काय कळणार, असं तू म्हणाली असतीस. म्हण. पण मी पटवून घेणार नाही.

त्या आठवड्यात तुझ्या वर्गातली निम्मी मुलं खोकत होती. तू ओरत्तनाडूच्या बसमधून उतरून घरी आलीस तीच घसा धरून. "काय्चल आलंय," म्हणालीस, म्हणजे ताप; तापाला तू कधी मराठीत ताप म्हणाली नाहीस. तांदळाची कंजी प्यायलीस, गोळी घेतलीस आणि पडलीस. मला कुंभकोणमला अरंगेट्रमचे, मुलींच्या पहिल्या जाहीर नाचाचे, पोशाख पोचवायचे होते. मी रेंगाळले तर तूच ओरडलीस, "फ्लू आहे, वाघ नाही. जा." म्हणून मी गेले. ह्याचा पश्चात्ताप करत बसावं अशी काही लोकांची इच्छा दिसते. मी बसणार नाही.

मी परतले तेव्हा आपल्या घरात आनंद चालला होता, अक्का. खरोखर आनंद. तुझ्या खोलीत आत्या, तिच्या बहिणीची सून आणि समोरच्या दोघी बसल्या होत्या, आणि आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून ती म्हणाली, "हिते ये गं, ऐक, ऐक! काय गोड बोलत्ये बघ! आमच्या आईचीच बोली. एक शब्द तमिळ नाही!"

तू मराठी बोलत होतीस. आपलं जुनं, तंजावरी, आपल्या आजीच्या तोंडचं मराठी. अंजूशी तू जन्मभर तमिळ बोललीस, शाळेत तमिळ, माझ्याशी अर्धं-अर्धं, आणि आत्याशी मराठी म्हणजे "होय", "नक्को" आणि "जेवले". आत्या किती वर्षं कुढत होती की ही पोरं आपली बोली बुडवणार. आणि तू तापात अखंड, न अडखळता बोलत होतीस, "पाणी तापलं काय? दार लाव. चूल पेटली काय? पाणी तापलं काय?" आत्या कौतुकानं उत्तरं देत होती, "तापलं गं, तापलं." सुनेनं फोन काढून ते सगळं चित्रित केलं होतं आणि आपल्या तंजावरी मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर पाठवलंही होतं. चेन्नईपासून बंगळूरपर्यंत सगळ्यांचे जोडलेले हात येऊन पडले होते.

अशी चूक फक्त आपल्याच लोकांकडून होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या घरात माणूस तापात भलतंच बोलायला लागलं तर लोक घाबरतात. आपल्याकडे ते मराठी होतं म्हणून लोक हरखले.

मी तुझ्याजवळ गेले. तू माझ्याकडे बघितलंस आणि मला "आई" म्हणालीस. लाडानं नाही. खरंच मला आई समजून. तुझा डावा हात चादरीचं टोक चिमटीत धरत होता आणि सोडत होता, धरत होता आणि सोडत होता. मी तमिळमध्ये विचारलं, "अक्का, मी कोण?" तुला प्रश्नच पोचला नाही. मी रिक्षा बोलवायला ओरडले तर आत्या म्हणाली, "कशाला म्हणून? ताप उतरेल. बोलू दे तिला." रिक्षा दाराशी आली आणि उंबऱ्याशी तुला पहिली आकडी आली.

मग व्हायचं तेच झालं. आत्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावली, तुझ्या मुठीत लोखंड द्यायला. एक जण पाणी घेऊन तुझ्या तोंडाशी आली. मी तो तांब्या हातानं उडवला आणि तुला कुशीवर वळवलं. त्या तांब्याचा आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. म्हणजे, अक्का, ज्या गल्लीपासून तू वीस वर्षं लपलीस तिनं सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तरी तेराव्याला त्याच गल्लीनं 'हार्ट' ऐकून माना डोलावल्या.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई अंजूपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी तुझ्या नाकातला नमुना तपासला: साधा फ्लू. पाठीतलं पाणी काढलं, डोक्याची चित्रं काढली. मेंदूला सूज होती. मी विचारलं, छातीतला रोग डोक्यात गेला कसा? त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मला समजेल असं सांगितलं. श्वासातून येणारे हे विषाणू बहुतेकांना खोकवून सोडून देतात. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मेंदूला झळ लागते. दर वेळी विषाणू स्वतः मेंदूत शिरतो असं नाही. पुष्कळदा त्याच्याशी लढायला शरीर जो डोंब उसळवतं, त्यातच मेंदू सुजतो. मग माणूस भलतं बोलतो, ओळखत नाही, झोपेतून नीट उठत नाही, आणि पुढे आकड्या येतात. कुणाला येणार हे आधी सांगता येत नाही.

मी त्यांना फोनवरचं ते चित्रण दाखवलं. त्यांना मराठीचा गंध नाही. त्यांनी आवाज बंद करून पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा हात बघा. आणि नजर. ती कुणाशीच बोलत नाहीये." मी विचारलं, लगेच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "खोटं सांगणार नाही. कधी उपयोग होतो, कधी नाही होत. पण थांबण्यात कधीच उपयोग नसतो."

ही बाई मला आवडली. तुलाही आवडली असती. तिनं एकही गोष्ट गोड करून सांगितली नाही.

तुझ्या आकड्या थांबल्या नाहीत. औषधं वाढवली, तुला झोपवून ठेवलं, यंत्राला जोडलं. अंजू कोइंबतूरहून कॉलेज सोडून आली आणि काचेतून तुझ्याकडे बघत उभी राहिली. आपण दोघी कधी एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही, आपलं सगळं तोंडानं चालायचं. तिथे तुझ्या पायाला हात लावून मी इतकंच म्हणाले, की चुण्या तू म्हणत होतीस तशा जाड पडायच्या. बाकीचं बोलायला तोंड उघडलं नाही. ते आता इथे लिहितेय.

तू गेलीस आणि ते चित्रण पुन्हा फिरायला लागलं. आता खाली लोकांनी लिहिलं होतं: शेवटच्या क्षणी मातृभाषा ओठी, धन्य ते मरण. तुझ्या आजाराचं त्यांनी सोनं केलं. आणि मी त्यांना दोष तरी कसा देऊ? बुडत्या बोलीच्या माणसांना काडीसुद्धा पुरते. पण ती काडी तुझ्या हाडाची होती, अक्का. ती मी देणार नव्हते.

आता तेराव्याचं सांगते. पंगत बसली होती, डांगर पचडी वाढून झाली होती, त्रिचीच्या बाई आत्याशेजारी मानाच्या पानावर होत्या. जेवता जेवता त्यांनी डाव्या हातानं फोन काढला आणि ते चित्रण लावलं. तुझा आवाज पंगतभर झाला. "पाणी तापलं काय? दार लाव." त्या म्हणाल्या, "काय भाग्य! असं मरण मागून मिळत नाही." सगळे "होय, होय" म्हणाले. माझ्या हातात साराचं भांडं होतं. ते खाली ठेवून मी तोंड उघडणार, तेवढ्यात अंजू वाढायचं थांबवून पुढे आली.

तुझी अंजू, जी चार माणसांत मान वर करत नाही. तिनं त्या बाईंना म्हटलं, "आवाज बंद करा, मामी, आणि हाताकडे बघा. अम्माला फ्लू झाला होता. त्यानं तिचा मेंदू सुजला. हे भाग्य नाही, हे त्याचं लक्षण आहे. मग तिला वलिप्पु आला आणि त्यात ती गेली. हार्टनं नाही." आत्या पुटपुटली, "अय्यो, पोरी, गप." अंजू गप बसली नाही, माझ्याकडे हात करून म्हणाली, "आणि मी लहान असताना तापात मलाही एकदा आला होता. चित्तीच्या मांडीवर. पायरीवरून घसरले नव्हते मी."

तिला हे कुणी सांगितलं? मी नाही, तुझी शपथ. नंतर विचारलं तर म्हणाली, "अम्मानंच. हॉस्टेलला जाताना. ताप आला तर एकटी राहू नकोस, मैत्रिणींना सांगून ठेव, म्हणाली." म्हणजे तू सांगितलं होतंस! गल्लीला नाही, मला नाही, पण जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलंस. अक्का, मी त्या क्षणी मोरीत जाऊन मनसोक्त रडले. रागानं रडले. इतकी वर्षं माझ्याशी भांडत राहिलीस आणि गुपचूप माझं ऐकलंसही!

त्रिचीच्या बाई ताक न पिता उठल्या. तिकडून अजून फोन नाही. अंजू म्हणते, "नाही आला तर नाही. आला तर मीच आधी हे सगळं पुन्हा सांगणार." तिच्या बोलण्यात तुझा आवाज आहे, पिशवी ठेवून पाणीही न पिता बोललीस तेव्हाचा.

पाहुणे गेल्यावर आत्या मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती मजशी बोलत नव्हती?"

तिचं वय बघून खोटं बोलावं असं मला वाटलं. एवढी म्हातारी, तिचा एवढाच आनंद. पण त्या एका गोड खोट्यासाठीच मी इतके दिवस सगळ्यांशी भांडत होते. मी म्हणाले, "नाही, आत्या. तिनं तुला ओळखलं नव्हतं." आत्या उठायला लागली. मी म्हणाले, "पण तापानं तिला बोली नाही शिकवली. ती तिच्या आत होतीच. तू कुढत होतीस ना, बुडाली म्हणून? नव्हती बुडाली. एवढं खरं आहे, ते घे."

आत्यानं पदरानं नाक पुसलं. मग तिनं अंजूला हाक मारली. मला वाटलं, ती ते चित्रण पुसून टाकायला सांगणार. ती म्हणाली, "ते काढू नक्को. ग्रुपात परत घाल. खाली मी सांगत्ये ते लिही." अंजूनं विचारलं, कुठल्या अक्षरात? "तमिळ अक्षरात लिही. आमचे लोक नागरी कुठे वाचतात?" आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून आत्यानं आपल्या मराठीत सांगितलं: "हे बघून हात जोडू नका. मीही जोडले, चुकले. तापात माणूस असं बोलायला लागलं, ओळखेना जालं, तर बोली ऐकत बसू नका. गाडी बोलवा. आमच्या पोरीला आकडी आली. त्यात ती गेली. लाज नाही." मग डोळे उघडून म्हणाली, "माझं नाव घाल."

त्या संध्याकाळी ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जोडलेले हात पाठवायची सोय नव्हती, आणि दुसरं काय पाठवायचं ते लोकांना सुचेना. दोघे-तिघे ग्रुप सोडून गेले. मी म्हटलं, जाऊ देत.

मग काल तिरुवैयारूहून एका सुनेनं लिहिलं. आपल्या दूरच्या नात्यातली, तू तिला एकदा लग्नात पाहिलं असशील. तिच्या सासऱ्यांना ताप होता, खोकला होता, आणि ते सकाळपासून मेलेल्या भावाला हाका मारत होते. घरचे म्हणाले, झोपू दे. तिनं आत्याचं लिहिलेलं वाचलं होतं. तिनं गाडी बोलवली. म्हातारे आता वॉर्डात आहेत, इडली गार आहे म्हणून नर्सवर ओरडत आहेत. हे सगळं तिनं तमिळ अक्षरांत, मराठीत लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की वाटेत त्यांना आकडी आली होती. सासऱ्यांच्या नावासकट लिहिलं. आणि खाली स्वतःचं नाव.

आता बोल, अक्का.